होडी पाण्यापर्यंत नेताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शिडाच्या कयाकबद्दल, म्हणजे शीड लावलेल्या लांबट, अरुंद होडीबद्दल लिहिलं तेव्हा वाटलेलं की प्रश्न येतील वाऱ्यावर, शीड कसं आवळायचं यावर, फार तर उलांडी (तोल राखायला होडीच्या बाजूला लावलेला तरंगता आधार) मोडली तर काय यावर. आले सगळे चाकांवर! म्हणजे होडी चालवता सगळ्यांना येते, पार्किंगपासून पाण्यापर्यंतच्या शे-दीडशे मीटरमध्येच सगळ्यांचा जीव जातो. खरं सांगायचं तर माझाही जातो. होडी ज्यावर ठेवून पाण्यापर्यंत नेतो त्या दोनचाकी कार्टला आमच्या घरी "कार्टं"च म्हणतात, कारण कधीच ऐकत नाही. असो, निवडक प्रश्न घेतलेत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : होडीच्या तळातून आरपार जी भोकं असतात ना, त्यांत खालून दोन दांडे घालायची कार्ट मी वापरतो. दोन वर्षं काही त्रास नव्हता. आता प्रत्येक वेळी आल्यावर होडीच्या पोटात दोन-तीन लिटर पाणी सापडतंय, आणि एका भोकाच्या खालच्या कडेला केसाएवढी चीर दिसतेय. कार्टमुळे झालं का हे? कार्ट फेकू का?

उत्तर : बहुतेक कार्टमुळेच, पण फेकू नका, थांबा जरा. आधी ही भोकं काय आहेत ते बघू. स्कपर होल म्हणजे डेकवर आलेलं पाणी खाली जायला ठेवलेली नळी, ती होडीबरोबरच साच्यात ओतली जाते. वरचं आणि खालचं प्लॅस्टिक तिथे येऊन एकमेकाला भेटतं, आणि नेमकं तिथेच ते पातळ असू शकतं. ही नळी पाणी वाहून न्यायला केलेली, शंभर किलोची होडी पेलायला नाही केलेली. आता साज चढवलेली शिडाची कयाक काय हलकी नसते, होबी कंपनीची दोघांची टँडम आयलंड घ्या, उलांड्या, डोलकाठी, पेडलचा ड्राइव्ह सगळं धरून शंभर किलोच्या वर जाते, एकट्याची ॲडव्हेंचर आयलंडसुद्धा ऐंशीच्या वर. वर तुमची थंड पेटी, नांगर, पाणी, ते वेगळंच.

तर मुद्दा असा की दांड्याचं काम फक्त कार्ट जागेवर ठेवणं. वजन पडलं पाहिजे कार्टच्या आडव्या पट्टीवर, आणि पट्टी टेकली पाहिजे होडीच्या तळाला. गडबड कुठे होते? भोक वर जाताना निमुळतं होत जातं, दांडा जरा जाड किंवा जरा लांब असला की तो आत जाऊन पाचरीसारखा अडकतो, पट्टी तळापासून बोटभर खालीच राहते, आणि सगळा भार त्या नळीच्या भिंतीवर. वरून बघितलं तर सगळं मस्त बसलेलं दिसतं. म्हणून कार्ट लावल्यावर एकदा जमिनीवर आडवे पडा आणि पट्टी आणि तळ यांच्यामध्ये कागद सरकतो का बघा. सरकला तर तुमची चीर कुठून आली ते कळलं.

उपाय दोन. दांडा अडकत असेल तर तो वरून कापा किंवा घासून बारीक करा (कडा गोल करायला विसरू नका, नाहीतर तोच चाकू होतो), नाहीतर पट्टीवर कडक रबराचे ठोकळे बसवून पट्टी उंच करा, म्हणजे ती आधी टेकेल. मऊ फोम नको, तो पहिल्याच दिवशी चपटा होतो आणि परत दांड्यावर भार. आणि दांडे भोकात सैल असतील तर वेगळीच भानगड, वळवताना ते डुगडुगतात आणि भोकाच्या कडेला पहारीसारखे ढोसतात. बागेतल्या पाइपाचा तुकडा उभा चिरून दांड्यावर चढवला की ते बसतं. त्याशिवाय एक पट्टा होडीभोवती घेऊन कार्टला आवळलात तर खड्ड्यात चाक गेल्यावरची उडी दांड्यावर येत नाही.

राहिली चीर. आधी खात्री करा की गळती तिथलीच आहे. भोक खालून बूच मारून बंद करा, वरून पाणी भरा, पातळीला पेनाने खूण करा आणि अर्ध्या तासाने या. उतरली असेल तर तीच. होडी पॉलिएथिलीनची असेल तर साधं इपॉक्सी, फायबरचं कापड, बाजारातला कुठलाही "सगळं चिकटवतो" गोंद, काहीही तिथे टिकत नाही, कारण या प्लॅस्टिकला काही धरतच नाही. त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या काडीने वेल्डिंग करावं लागतं. कधी केलं नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. मी स्वतः पहिल्यांदा सोल्डरिंगची इस्त्री घेऊन बसलो होतो आणि केसाएवढ्या चिरेचं रुपयाएवढं भोक केलं होतं, तेव्हा हा सल्ला अनुभवातून आहे.

तोपर्यंत भोकाच्या कार्टला सुट्टी, पट्ट्यांच्या पाळण्यावर होडी ठेवायची कार्ट कुणाची मिळाली तर ती वापरा.

प्रश्न : आमच्याकडे भुसभुशीत वाळू आहे. कार्टची चाकं घरगुती ट्रॉलीची असतात तशी, कडक, हवेची पण अरुंद. अर्ध्या वाटेत चाकं रुततात आणि मग नांगर ओढल्यासारखं होतं. मोठी चाकं घ्यावीत की रुंद? आणि आहे त्याच कार्टवर बसतील का?

उत्तर : हा प्रश्न तब्बल नऊ जणांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर.

वाळूत चाक का रुतं? कारण वाळूला दर इंचाला जेवढा भार सोसतो त्यापेक्षा जास्त तुम्ही टाकताय. हवेच्या चाकाचं एक सोपं गणित आहे, चाकात जेवढा दाब, साधारण तेवढाच दाब ते जमिनीवर टाकतं. समजा होडी आणि सामान मिळून १०० किलो, म्हणजे एका चाकावर ५०. चाकात ३० पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला ३० पौंड दाब) हवा असेल तर जमिनीला टेकणारा भाग साधारण २४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे काड्यापेटी ठेवल्यासारखं. तेच फुग्यासारखं पॉलियुरेथेनचं चाक घ्या, त्यात २ पीएसआय भरा, टेकणारा भाग होतो साडेतीनशे चौरस सेंटिमीटर, जवळपास जेवणाच्या छोट्या ताटलीएवढा! भार तोच, पण आता वाळू पेलते. (टायरची भिंत कडक असली की गणित थोडं हलतं, पण दिशा हीच.)

म्हणून मोठं की रुंद हा नंतरचा प्रश्न, आधी मऊ. बरेच जण फुग्याची चाकं घेतात आणि सायकलसारखी टम्म फुगवतात, मग म्हणतात पैसे वाया गेले. अंगठ्याने दाबलं तर चाक दबलं पाहिजे. कमाल दाब चाकावरच छापलेला असतो, बहुतेकांवर तो एक आकडीच असतो, तेव्हा पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरला नेऊच नका, हातपंप घ्या, आणि गेज कमी दाबाचं घ्या, गाडीच्या गेजवर २ आणि ४ मधला फरक दिसतच नाही.

मोठं विरुद्ध रुंद विचाराल तर माझं मत मोठ्याला. रुंद चाक पुढे वाळूचा ढीग ढकलत चालतं, मोठ्या व्यासाचं चाक लांब ठसा टाकतं आणि त्या ढिगावर चढून जातं. परवडलं आणि जागा असली तर दोन्ही, पण एकच निवडायचं झालं तर व्यास.

आता "आहे त्याच कार्टवर बसतील का". इथेच लोक फसतात. रुंद चाक बसवायचं म्हणजे ॲक्सल (दोन चाकं ज्यावर बसतात तो आडवा दांडा) दोन्हीकडे लांब करावा लागणार, आणि आधारापासून चाक जितकं लांब तितका ॲक्सल वाकायला जास्त जोर. दुप्पट लांब केलात की दुप्पट. जुनाच दांडा ठेवून नुसती चाकं बदलली तर महिन्याभरात चाकं बदकाच्या पायांसारखी फाकतात, मग आतल्या कडा होडीला घासायला लागतात. भरीव दांडा असेल तर जाडी वाढवा, आणि थोडीशी वाढवली तरी खूप फरक पडतो कारण ताकद व्यासाच्या घनाने वाढते, १६ मिलिमीटरच्या जागी २० चा घातला की वाकायला जवळजवळ दुप्पट जोर लागतो. वाढलेल्या वजनाचा बाऊ करू नका, मीटरभर लांब स्टीलचा दांडा धरला तरी किलोभराच्या आतलाच प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे मोठ्या चाकाने होडी उंच होते. उंच झाली की आडव्या उतारावर कलंडते. तेव्हा दोन चाकांमधलं अंतरही वाढवायला लागतं, आणि परत ॲक्सल लांब... हे असं चक्र आहे. हे सगळं आधी कागदावर मापं घेऊन बघा आणि मगच चाकं मागवा. चाक होडीच्या पोटाला आणि उलांडीच्या दुमडलेल्या दांड्याला लागत नाही ना हे तर सगळ्यात आधी.

आणि एक फुकटचा उपाय, जो कुणी करत नाही. होडी ढकलू नका, ओढा. ढकलताना तुमचा जोर थोडा खाली जातो आणि चाकं आणखी रुततात, ओढताना थोडा वर जातो. दुसरं, सरळ पाण्याकडे जायचा हट्ट सोडा, कोरड्या वाळूचा पट्टा जिथे सगळ्यात अरुंद तिथून जा, पुढे ओली वाळू लागली की चाकं रस्त्यावर चालल्यासारखी चालतात. भरतीच्या वेळा बघून निघालात तर अर्धं ओझं समुद्रच कमी करतो.

प्रश्न : चाकं चांगली आहेत, रुतत नाहीत, पण मी एकटी असते आणि नाळेकडचं, म्हणजे पुढचं टोक उचलून ओढताना कंबर धरते. काही युक्ती?

उत्तर : ताई, कार्ट बहुतेक फार मागे लावताय. होडीचा तोलाचा बिंदू शोधा, म्हणजे ज्या जागी एका आडव्या पाइपवर ठेवली तर ती शिसॉसारखी झुलते. समजा होडी ९० किलो आहे आणि तुमचे हात तोलाच्या बिंदूपासून सव्वादोन मीटर पुढे आहेत. कार्ट या बिंदूच्या १ मीटर मागे असेल तर तुमच्या हातात जवळपास २८ किलो येतात. तेच ३० सेंटिमीटर मागे लावा, हातात राहतात साडेदहा-अकरा. होडी तीच, चाकं तीच.

भोकाच्या कार्टमध्ये जागा ठरलेली असते हे खरं, मग कार्ट हलत नसेल तर सामान हलवा. पुढच्या डब्यातलं पाणी, बॅटरी, नांगर, सगळं चाकांच्या आसपास किंवा मागे आणा, पाण्यात गेल्यावर परत जागेवर. पण बरोब्बर तोलावर आणायचा मोह टाळा, मग उतारावर शेपूट जमिनीवर आपटते आणि सुकाणू तिथेच असतं! हातात पाच-दहा किलो राहिलेलं बरं.

शिवाय नाळेचं हँडल धरून वाकून ओढू नका, त्याला दोरी बांधा, दोरीला खांद्यावरून जाणारा रुंद पट्टा. हात मोकळे, पाठ सरळ.

प्रश्न : हा प्रश्न मूर्खपणाचा वाटेल. परत आल्यावर पाण्यात कार्ट होडीखाली घालायची म्हटली की ती बुडतच नाही! फुग्याची चाकं आहेत. मी खाली दाबतो, ती उसळी मारून वर, एकदा हनुवटीवर बसली.

उत्तर : मूर्खपणाचा नाही हो, फुग्याची चाकं घेणाऱ्या प्रत्येकाचा हा दुसरा प्रश्न असतो. ३० सेंटिमीटर व्यासाचं, १८ रुंद असं चाक धरलं तर कडा गोल धरून त्यात दहाएक लिटर हवा बसते, म्हणजे पूर्ण बुडवायला दहाएक किलो जोर. दोन चाकं वीस. कार्टचं स्वतःचं वजन पाच किलो वजा करा, उरले पंधरा, आणि ते तुम्ही एका हाताने दाबताय, दुसऱ्या हातात होडी, मागून लाट. जमणार कसं.

एका वाचकाने लिहिलंय की तो कार्टला वाळूची पिशवी बांधतो. आयडिया छान, पण पाण्यात वाळूही हलकी होते, पंधरा किलो ओढ मारायची तर जवळपास चोवीस-पंचवीस किलो वाळू भरावी लागेल. त्यापेक्षा होडीच उचललेली बरी.

सोपा मार्ग असा की चाकं बुडवायचीच नाहीत. घोट्याएवढ्या पाण्यात कार्ट जमिनीवर टेकते, तिथे ती उभी करा, चाकं अर्धीसुद्धा पाण्यात नाहीत. मग होडी नाळेकडून तिच्यावर सरकवत आणा, लाट किंवा तुमचा हात होडी उचलेल तेव्हा दांडे भोकात बसतील. नाहीच जमलं तर गुडघाभर पाण्यात होडी एका कुशीवर कलवा, म्हणजे एका बाजूची भोकं वर येतात, त्यात कार्ट आडवी धरून दांडे घुसवा आणि होडी सरळ करा, होडीच्या वजनाने कार्ट आपोआप खाली जाते. उलांड्यांवाली असेल तर जिकडे कलवणार तिकडची उलांडी आधी दुमडून घ्या, नाहीतर ती कलायला तयारच नसते, तिचं कामच ते आहे.

पाण्यात सोडतानाही उलटं हेच. भोकातून सुटली की कार्ट तोफेच्या गोळ्यासारखी वर येते, तोंड बाजूला ठेवा. आणि तिला एक दोरी बांधून ठेवा, वारा किनाऱ्याकडून असेल तर फुग्याची कार्ट तुमच्या आधी क्षितिजावर पोचते. हे मी पाहिलंय. माझीच होती.

प्रश्न : लाटा फुटत असतात तिथे पण असंच करायचं का?

उत्तर : नाही! तिथे भोकाची कार्ट लावून लाटेत जाऊच नका. लाट होडी उचलते आणि दांड्यांवर आपटते, मग पहिल्या प्रश्नातली केसाएवढी चीर नाही, सरळ खिंडार. ओल्या वाळूवर, लाट पोचत नाही तिथे कार्ट काढा, ती वर नेऊन ठेवा आणि शेवटचे चार-पाच मीटर होडी वाळूवरून ओढा. तळाला ओरखडे येतील, येऊ देत.

आणि होडी आणि किनारा यांच्या मध्ये कधी म्हणजे कधी उभं राहायचं नाही. तुम्ही समुद्राच्या बाजूला किंवा नाळेच्या टोकाला. पाणी भरलेली आडवी होडी लाटेबरोबर येते तेव्हा ती ढकलून थांबवता येत नाही, गुडघे जातात. हे कार्टबद्दल नाहीये पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

प्रश्न : पीव्हीसी पाइपची कार्ट घरी बनवली. पहिल्या दिवशी झकास. तिसऱ्या फेरीला मधेच वाकली आणि चाकं एकमेकांकडे झुकली. पाइप जाड घेऊ का?

उत्तर : पाइप जाड घ्या, पण मूळ दुखणं बहुतेक वेगळं आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय की चाकं पाइपच्या टोकात ठोकलेल्या छोट्या बोल्टवर आहेत, म्हणजे सगळं वाकवणं पीव्हीसीच्या टी-जॉइंटवर. पीव्हीसीला दाब सोसतो, वाकवणं सोसत नाही, आणि उन्हात तापल्यावर तर अजिबात नाही. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग स्टेनलेसचा दांडा पाइपच्या आतून आरपार घाला. पीव्हीसी मग फक्त आकार देण्यापुरतं, वजन दांड्यावर.

चौकटीच्या पाइपांना सगळ्यात खालच्या जागी छोटी भोकं पाडा, नाहीतर आत पाणी साठून कार्ट दर फेरीला जड होत जाते आणि गाडीच्या डिकीत ते सगळं ओततं. होडी जिथे टेकणार तिथे पाण्यात खेळायच्या त्या फोमच्या लांब नळ्या मिळतात त्या उभ्या चिरून चढवा. हो, वर मी मऊ फोम नको म्हणालो, ते दांड्याच्या कार्टसाठी. पाळण्याच्या कार्टमध्ये भार पसरवायचाय, उंची राखायची नाहीये, तिथे मऊ चालतो. आधार जेवढा रुंद तेवढं बरं, कारण उन्हात ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या होडीला अरुंद पट्टीने तळाला खळगा पडतो. पडला तर घाबरू नका, उलटी करून उन्हात ठेवली की पुष्कळदा आपणच भरून येतो.

ज्यांनी ॲल्युमिनियमची चौकट केलीय त्यांच्यासाठी, स्टेनलेसचा ॲक्सल थेट ॲल्युमिनियमच्या नळीत घालू नका. दोन धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे बॅटरीच, ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी पूड होऊन दोघं असे घट्ट बसतात की हातोड्यानेही निघत नाहीत. मधे प्लॅस्टिकचा बुश (नळीसारखं अस्तर) घाला, आणि दर वेळी गोड्या पाण्याने धुवा.

प्रश्न : गाडीत ठेवलेलं फुग्याचं चाक फुटलं. कुणी हात लावला नव्हता. माल खराब?

उत्तर : खराब असेलही, पण आधी उन्हाला विचारा. बंद गाडीत साठ अंश सहज होतं. २५ अंशांना २ पीएसआय भरलेलं चाक ६० अंशांना गेलं तर आतला दाब जवळपास दुप्पट होतो, ४ च्या आसपास! गाडीच्या टायरला हा फरक जाणवतही नाही कारण तिथे ३० चे चौतीस-पस्तीस होतात, पण इथे सुरुवातच इतकी कमी असते की दोन पीएसआय म्हणजे दुप्पट. चाक थोडं फुगून काही दाब खातं, पण जोडावर ताण येतोच. गाडीत ठेवताना हवा सोडून ठेवा. उलट गाडीत तापलेलं चाक तिथेच मोजून "बरोबर" भरलंत तर पाण्यात जाऊन थंड झाल्यावर ते मऊ पडतं, तेव्हा सावलीत भरा.

प्रश्न : रॅम्पवरून उतरवताना होडी माझ्या पुढे पळते. डोलकाठी आधीच उभी करून नेतो, पाण्यात उभी करायला जमत नाही म्हणून.

उत्तर : दोन गोष्टी, आणि दुसरी जास्त गंभीर.

रॅम्पचा उतार आठास एक असेल तर ९० किलोची होडी तुम्हाला सतत अकरा किलोने खाली ओढते, फार वाटत नाही, पण पायाखाली शेवाळ असतं. म्हणून होडीच्या खालच्या बाजूला राहून तिला रोखायचं नाही. शेपटीकडून खाली सोडा, तुम्ही वर, नाळेच्या दोरीने धरून, आणि खांब किंवा कडी असेल तर दोरीचा एक वेढा त्याला घ्या, मग लहान मूलसुद्धा ती हळूहळू सोडू शकतं. सुकाणू वर उचललेलं आहे ना बघा, आणि पायाने मारायच्या पंखांचा ड्राइव्ह असेल तर तो काढून घ्या, खाली लोंबत राहिला तर रॅम्पची कड आणि चाक दोन्हीशी भांडतो.

डोलकाठीचं म्हणाल तर पार्किंगमध्ये उभी करूच नका. वर वायर असते आणि आपलं लक्ष खाली चाकांकडे असतं. ॲल्युमिनियम काय, कार्बन काय, दोन्हीतून वीज जाते. आणि वायर नसली तरी गुंडाळलेल्या शिडालाही वारा लागतो, उलांड्या दुमडलेली होडी दोन चाकांवर असताना एक झुळूक तिला आडवी करते. पाण्याच्या कडेला, वर आकाश मोकळं आहे हे मान वर करून बघून, होडी जमिनीवर टेकलेली असताना काठी उभी करा. पाण्यात तरंगताना करायची गरजच नाही.

प्रश्न : कार्ट सायकलला किंवा गाडीला बांधून ओढली तर?

उत्तर : सायकलला, चालण्याच्या वेगाने, सपाट रस्त्यावर, ठीक. गाडीला नाही. या चाकांत बहुतेकदा बेअरिंग नसतं, नुसता प्लॅस्टिकचा बुश असतो, वेगात तो तापून वितळतो.

प्रश्न : चाक मधेच निघून पडतं. पिन हरवते.

उत्तर : पिनला दोरीने बांधा. खरंच, एवढंच. आणि पिन आणि चाक यांच्या मध्ये वॉशर हवा, नसेल तर चाकाचा हबच (मधला तुंबा) पिन घासून घासून तोडतो. दोन जादा पिना जॅकेटच्या खिशात ठेवा, गाडीत नाही, गाडीत असलेली पिन लागते तेव्हा गाडी दीडशे मीटर लांब असते.

प्रश्न : होडी पाण्यात गेल्यावर कार्टचं काय करायचं? किनाऱ्यावर ठेवली की डोकं तिकडेच राहतं.

उत्तर : मी बरोबर नेतो. भोकाच्या कार्टचा फायदा हाच की बऱ्याच होड्यांवर तीच कार्ट उलटी करून वरून त्याच भोकांत खोचता येते, चाकं वर, मागच्या डेकवर. दिसायला विचित्र दिसतं, सुकाणूच्या दोऱ्यांत अडकत नाही ना आणि शिडाचं खालचं टोक फिरताना तिला लागत नाही ना हे किनाऱ्यावरच एकदा शीड उघडून इकडून तिकडे फिरवून बघा. आणि बांधा. नुसती खोचलेली कार्ट होडी उलटली की पहिली जाते, आणि फुग्याची चाकं नसतील तर सरळ तळाला.

बांधायच्या दोरीला सहज सुटणारी गाठ मारा, बकल उत्तम. दुसऱ्या किनाऱ्यावर उतरायचं ठरलं तर कार्ट तिथेही लागते, आणि ओल्या बोटांनी, वारा असताना, आवळलेली गाठ सोडवत बसलेला माणूस मी आजवर भरपूर वेळा होऊन झालोय.

किनाऱ्यावरच ठेवायची असेल तर भरतीच्या रेषेच्या वर. रेषा म्हणजे आत्ता पाणी आहे ती नव्हे, वाळलेला कचरा साठलाय ती.